सुई बसू द्या

पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेच्या दारात अडवलं आणि अंबाड्यातले आकडे काढायला लावले.

परभणीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. पालमहून सकाळची एसटी धरून, साडी चापूनचोपून नेसून, केस घट्ट बांधून आले होते. पोरांवर पहिल्या दिवशीच छाप पडली पाहिजे, असं घरून ठरवूनच निघाले होते. तर दारात एक उंच, किडकिडीत माणूस वेताची दुरडी घेऊन उभा.

"म्याडम, आकडे ह्याच्यात ठिवा. पदराची पिन पण."

"अहो, मी शिकवायला आलेय."

"तेच म्हणायलोय. पोरं आठवड्यातून येकदा येतेत. तुमी रोज येणार. तुमच्यामुळं ती रोज बिघडंल."

ती म्हणजे सुई, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मागं वीस-बावीस पोरं-पोरी उभी होती, सगळ्यांच्या किल्ल्या, मोबाइल, पट्ट्यांची बकलं, हातातली कडी दुरडीत जमा झालेली होती आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मी आकडे काढले. अंबाडा सुटला. एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातात खडू धरून मी आयुष्यातला पहिला तास घेतला. छाप पडली, पण ती अशी.

दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून, केसांना रबरबँड लावून गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुरडी बाजूला केली.

"आता कसं! या."

कागदोपत्री ते प्रयोगशाळा परिचर होते. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणायचे. प्राचार्यांपासून कँटीनच्या पोरीपर्यंत सगळे. मीही तेच म्हणू लागले.

हा सगळा खटाटोप एका यंत्रासाठी होता. टँजंट गॅल्व्हानोमीटर असं त्याचं भारदस्त नाव, पण वस्तू साधी. एक उभं गोल कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि मधोमध काचेच्या डबीत चुंबकाची लहानशी सुई. तारेत वीज नसते तेव्हा सुई उत्तर-दक्षिण शांत असते. वीज सोडली की तारेभोवती चुंबकत्व तयार होतं आणि सुई वळते. वीज जास्त, तर वळण जास्त. किती अंश वळली ते पोरांनी वाचायचं, वहीत लिहायचं. मात्र जवळ लोखंड असलं, चुंबक असलं, की सुई त्याच्याकडं ओढली जाते आणि सगळेच अंश चुकतात.

म्हणून मामांनी लोखंडाशी वैर धरलं होतं. त्यांच्या शर्टाला कापडाची बटणं होती, ती बायकोकडून शिवून घेतलेली. विजारीला नाडी. चपला खिळ्याच्या नव्हेत, शिवलेल्या. चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू काढून त्यांनी तिथं दोरा बांधला होता, त्यामुळं चष्मा नेहमी नाकावर थोडा तिरका. हातात घड्याळ नाही, खिशात मोबाइल नाही. जेवणाचा डबासुद्धा ते बाहेर व्हरांड्यातल्या खिडकीत ठेवायचे. "मामा, स्टीलला चुंबक लागत नाही," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाले, "स्टील कसलं हाय ते दुकानदारालाच म्हाईत न्हाई, म्याडम."

पोरांना घाई असायची. वीज सोडली की सुई थरथरते, पुढं जाते, मागं येते. तेवढ्यातच कुणीतरी वाकून "चाळीस!" म्हणून ओरडायचं. मामा मागून यायचे.

"कुणाचं चाळीस? तिचं न्हाई अजून. सुई बसू द्या."

मग सगळी प्रयोगशाळा गप्प. मामा काचेवर नखानं एकच हलकी टिचकी मारायचे, सुई शेवटचं एवढंसं हलून स्थिर व्हायची. "आता वाचा." ते स्वतः कधी वाचत नसत. वाचायचं काम पोरांचं. पण पोरानं चूक वाचलं तर ते खिडकीबाहेर बघून खोकायचे, आणि पोरगं परत वाकायचं.

आता मी एका क्लासमध्ये शिकवते, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं भिंतीएवढ्या पडद्यावर सुई दाखवतात. बटण दाबलं की ती टक्कन पंचेचाळीस अंशांवर जाऊन उभी राहते. थरथरत नाही, मागं येत नाही. मुलं अंश लिहून घेतात आणि पुढचा पडदा येतो. कधी कधी तास चालू असताना मला एकदम त्या खोलीचा वास येतो. जुन्या लाकडाचा, स्पिरिटचा, पितळ घासायच्या चिंचेचा. मी फळ्याजवळ उगीच थांबते. कुणीतरी मागून खोकावं असं वाटतं.

मामांचं गाव झरी. बाप मेंढरं राखायचा. हे दहावीपर्यंत शिकले आणि कॉलेजात चिकटले. पदार्थविज्ञान त्यांना एका जुन्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं, तेही झाडू मारता मारता. उजव्या हाताचा नियम मी पाठ केला होता. मामा तो वापरायचे. "तार उजव्या मुठीत धरायची. अंगठा वीज जाती तिकडं. मग बोटं ज्या अंगानं वळतेत, त्या अंगानं चुंबक फिरतंय तारंभवती." हे ते कुणालाही सांगायचे. पोस्टमनला, पाण्याचे जार आणणाऱ्याला. घरातल्या विजेबद्दल मात्र त्यांना काडीचा आदर नव्हता. ती एसी, सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणारी. "तिला सुई भीक घालत न्हाई. इकडं वळावं म्हणंपर्यंत ती तिकडून बोलावती. सुई म्हणती, आधी तुजं ठरव, मग ये."

प्रयोगशाळेबाहेर पडले की वरच्या खिशात मात्र एक पितळी होकायंत्र असायचं. जाईल तिथं ते काढून बघायचे. बँकेत, दवाखान्यात, मानवतच्या स्टेशनावर. एसटीत ते मुद्दाम शेजारच्याला दाखवायचे, "बगा, अख्खी गाडी लोखंडाची, हिला कायबी सुचंना झालंय." थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाची गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली. पाव्हण्यांच्या ओट्यावर बसले, चहा आला, आणि ह्यांनी होकायंत्र काढून शेजारी ठेवलं. सुई पुरवेकडं बघायला लागली. मुलाचा बाप हुंड्याचं बोलणं कसं काढावं ह्या विचारात असताना हे म्हणाले, "तुमच्या ओट्याखाली लोखंड हाय." त्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी अपशकुन सांगतोय. वादावादी झाली, शेवटी रागानं ओटा उकरला. चार वर्षांपूर्वी गेलेली पहार निघाली. तिच्या चोरीचा आळ सख्ख्या भावावर होता. "हुंडा ऱ्हायला बाजूला," मामा म्हणाले. "दोगं भाऊ गळ्यात पडून रडायले. म्या म्हणलं, मग येक तारीख बगून टाकू?"

ही गोष्ट सांगताना ते हसायचे ते आवाज न करता, फक्त खांदे हलायचे.

त्याच माणसाविरुद्ध मी सही केली.

डिसेंबरात कॉलेजच्या छतावर सोलर बसलं. काही आठवड्यांनी ते चालू झालं, आणि त्याच सुमाराला सुईचं वागणं बिघडलं. सकाळच्या तुकड्यांचे प्रयोग बरोबर यायचे आणि दुपारच्या तुकड्यांचे चुकायचे. विजेची दिशा उलटसुलट केली की सुई दोन्ही बाजूंना सारखीच वळली पाहिजे. दुपारी एका बाजूला बावन्न यायचे आणि दुसऱ्या बाजूला छत्तीस. मामा यंत्र पुसायचे, पाणसळीनं त्याची पातळी बघायचे, सुईचं टोक भिंगाखाली धरायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक होते. दुपारच्या तुकडीतल्या एकाही मुलाचा प्रयोग जमेना. एक मुलगी तीनदा मांडून रडायला लागली. परीक्षकांनी सगळ्यांना सांभाळून गुण दिले, पण जाताना अहवालात ओळ लिहिली की उपकरणांची निगा राखली जात नाही.

विभागप्रमुख सरांना खुलासा द्यावा लागणार होता. ते काही वाईट माणूस नव्हते, चिडलेले होते. त्यांचं म्हणणं, म्हातारपणी मामांचं लक्ष उडालंय, चुंबकांचा ड्रॉवर उघडा राहत असणार. त्यांनी मला विचारलं, "तू कधी उघडा बघितलास का?"

बघितला होता. एकदा, जानेवारीत. मी तसं म्हणाले. त्यांनी ते टाइप करून आणलं आणि मी खाली सही केली. माझ्या तासिका दरवर्षी त्यांच्या सहीनं मिळायच्या. पण सही करताना मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. वाटलं, खरंच तर आहे, उघडा होताच की.

मामांना निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला, त्याला माझा कागद जोडलेला. ते स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"म्याडम, ड्रॉवर उघडा व्हता. बराबर हाय. आत काय व्हतं ते बघितलं व्हतं का?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"रिकामा व्हता. सुई हलायली तव्हाच म्या समदी चुंबकं वरल्या मजल्यावर केमिस्ट्रीच्या कपाटात नेऊन ठिवली. म्हणलं, आधी आपल्याच घरातला चोर हुडकावा. तरीबी हलायचीच ऱ्हायली."

शेजारी बसलेल्या बाईंनी वहीत डोकं घातलं. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "रविवारी येताल का? सकाळी सातला. मला येक दाखवायचंय. सरांना म्हणलं, त्येंला फुरसत न्हाई."

मार्च महिना होता. पालमहून पहिल्या गाडीनं गेले. कॉलेज रिकामं, प्रयोगशाळेचं दार उघडं, आणि उत्तरेच्या भिंतीजवळच्या दगडी ओट्यावर ते यंत्र. त्याला एकही तार जोडलेली नव्हती. तारेत वीज नाही, म्हणजे सुईनं शून्यावरच राहायला पाहिजे. सात वाजता ती शून्यावर होती.

"बसा," मामा म्हणाले. स्वतः लाकडी स्टुलावर बसले. आम्ही बसलो.

एवढा वेळ एखाद्या गोष्टीकडं नुसतं बघत मी कधीच बसले नव्हते. नऊला सुई तीन अंशांवर होती. ती हललेली मला दिसली नाही. नुसती तिथं होती. साडेदहाला सात. मध्ये मामा व्हरांड्यात जाऊन डबा उघडून आले, मला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कागदावर दिली. बाराला सुई तेरा अंशांवर जाऊन थांबली. शिवायला कुणी नव्हतं, वारा नव्हता, लोखंड नव्हतं.

त्या आठवड्यात अवकाळीचं आभाळ येत-जात होतं. साडेबाराच्या सुमाराला उन्हावर एक मोठा ढग आला. खोली सावळली. आणि माझ्या डोळ्यांदेखत सुई मागं यायला लागली. तेरावरून दहा, आठ, पाच. ढग सरला, खिडकीतून ऊन परत ओट्यावर पडलं, आणि सुई परत निघाली तेराकडं.

मी उठून काचेवर वाकले.

"दिसलं?" मामांनी हळूच विचारलं, मोठ्यानं बोललं तर ती घाबरेल असं.

"उन्हानं हलतेय?"

"ऊन न्हाई. उनाची वीज. या."

त्यांनी मला बाहेर नेलं. भिंतीच्या त्या अंगाला, नेमकी ओट्याच्या मागं, एक पाइप छतावरून खाली आलेला होता. त्यातून लाल तारा उतरून खालच्या डब्यात, इन्व्हर्टरमध्ये, गेल्या होत्या.

"घरातली वीज एसी, तिचं काई न्हाई. पण वरून ही येती ती येकमार्गी हाय. डब्यात गेल्यावर तिचं एसी हुतंय. म्या सोलरवाल्या पोराला इचारून घेतलं." त्यांनी उजव्या हाताची मूठ पाइपाभोवती धरल्यासारखी केली, अंगठा खाली. "अंगठा असा. बोटं अशी. भिंतीच्या पल्याड सुईला ती आडवी ढकलतेत. काळी तार कुठंय बगा."

काळ्या तारा तिथं नव्हत्या. पाइप पुरला नाही म्हणून त्या जिन्याच्या पलीकडून नेल्या होत्या.

"जाणारी आन येणारी शेजारी असत्या तर येकीचं दुसरीनं मोडलं असतं. सुईला पत्ता पण लागला न्हसता. ह्या येड्यांनी दोगींला लांब केलं."

आत येऊन त्यांनी मला एक शंभर पानी वही दिली. जानेवारीपासूनची रोजची नोंद. वेळ, अंश, आणि शेजारी 'ऊन', 'ढग', 'पातळ ढग'. रविवारीसुद्धा. मी पानं चाळत होते. ते सुईकडं बघत होते.

"तीस वर्सं म्या दुसऱ्याचे प्रयोग मांडले, म्याडम. पोरं करून गेली की मोडायचे, परत मांडायचे. ह्यो येक माजा हाय."

मी वही घेऊन सरांकडं गेले. सर म्हणाले, "भिंतीतली वीज एसी असते, सुई हलत नाही, हे तूच बारावीला शिकवतेस ना?" मी सोलरचं सांगायला लागले. ते म्हणाले, "निवृत्तीला आलेला माणूस आहे. आपला बचाव करणारच. तू कशाला मध्ये पडतेस?" मी बघितलेलं होतं. माझ्या डोळ्यांनी. तरी मी वही बॅगेत घातली आणि तासाला गेले. दुसऱ्यांदा मी गप्प बसले.

मामांची जन्मतारीख एक जून. गावच्या गुरुजींनी सगळ्यांनाच लावून दिलेली. म्हणून मेच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, हार. बोला म्हटल्यावर ते माइकसमोर गेले, त्याच्याकडं संशयानं बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. "ह्याच्यात चुंबक असतंय," असं म्हणून माइकशिवायच बोलले. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही. तिथं हशा पिकला. मी पुढं बसले होते. ते म्हणाले होते, "मला कुणाची तक्रार न्हाई. सुई खराब झाली न्हाई, येवढंच सांगायचं व्हतं."

मेमो फाइलमध्ये तसाच होता.

पुढचं घडायला दोन महिने लागले. ऑगस्टात उघडीप पडली तेव्हा एका दुपारी सर कशासाठी तरी प्रयोगशाळेत आले, आणि सुई त्यांनाच तेरावर दिसली. मामा नव्हते, त्यांचा उघडा ड्रॉवरही नव्हता. सरांनी मोबाइलमधलं चुंबकत्व मोजायचं ॲप उघडलं आणि भिंतीला लावून फिरवलं. मग माझ्याकडं आले. "ती वही आहे का गं तुझ्याकडं?"

आठवडाभरात सोलरवाले आले, काळ्या तारा उचलून लाल तारांच्या शेजारून, त्याच बाजूनं आणल्या. दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता सुई शून्यावर होती. सरांनी मेमो रद्द केल्याचं स्वतः लिहून फाइलला लावलं. मला त्यांचं कौतुक वाटलं.

मग सप्टेंबरात एका चर्चासत्रासाठी ह्याच विषयाचं पोस्टर झालं. सोलरच्या तारा आणि प्रयोगशाळेतली सुई. आकडेवारी वहीतली. खाली नावं दोन: सरांचं आणि माझं. छापायच्या आधी मी ते तपासलं होतं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या होत्या.

एका रविवारी मी झरीला गेले. त्यांना सांगितल्याशिवाय मला राहवेना. घरी त्यांच्या पत्नीनं सांगितलं, माळावर शेरडं घेऊन गेलेत. मी गेले. लांबून त्यांनी मला ओळखलं नाही. जवळ गेल्यावर उठून उभे राहिले.

"म्याडम? इकडं कुणीकडं?"

"मामा, तारा शेजारी घेतल्या. सुई सरळ झाली."

"किती अंश?"

"शून्य. बाराला. कडक ऊन होतं."

"टिचकी मारून बघितलं?"

"मारली. शून्यच."

ते खाली बसले. दोन्ही हातांनी गुडघे धरून, आवाज न करता हसले. मेमो रद्द झाल्याचं सांगितलं तर त्यावर नुसती मान हलवली. सुईचं मात्र मला परत सांगायला लावलं. कुणी तारा आणल्या, डबा हलवला का, सकाळी किती होते, दुपारी किती. मग विचारलं,

"मग कुणी हुडकलं म्हणायलेत?"

वाटलं, खोटं सांगावं. त्यांनी कधी तपासलं नसतं.

"पोस्टर केलंय. त्याच्यावर सरांचं नाव आहे. आणि माझं."

"माजं?"

"नाही."

त्यांनी शेरडांकडं बघितलं. मोठ्या मनाचं काही बोलतील, असू द्या म्हणतील, अशी मी वाट बघत होते. मला तेच हवं होतं. ते बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"येवढं तर लिवायचं व्हतं, म्याडम."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. शेरडं हाकत ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. गाडी येईपर्यंत उभे राहिले.

सोमवारी मी कार्यालयात जाऊन जुनं हजेरीपत्रक मागितलं, कारण मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्यांना मामा म्हणत होते. कागदावर नाव उतरवून घेतलं, बापाच्या नावासकट. पोस्टर विभागाच्या व्हरांड्यात लावलेलं होतं. काळ्या मार्करनं, छापलेल्या नावांएवढ्याच अक्षरात, मी ते तिसरं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, 'प्रयोगशाळा परिचर'. अक्षर थोडं तिरपं आलं. दुपारी सर पोस्टरसमोर थांबले, वाचलं आणि केबिनमध्ये गेले. पुसलं मात्र नाही.

पुढच्या वर्षी मला तासिका मिळाल्या नाहीत. ह्याचा त्याच्याशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. तुकड्या कमी झाल्या होत्या, तेही खरंच होतं. मी पालमला घरी राहिले. वर्षभर घरच सांभाळलं.

पोस्टरवर नाव लिहिल्याचं मामांना कळवायचं राहून गेलं. त्यांच्याकडं फोन नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, आपण होऊन सांगण्यात काय आहे, कधी कॉलेजात आले तर दिसेलच.

दिवाळीच्या आधी कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला. मामा गेले. झोपेतच.

मी झरीला गेले. दारात थोरली मुलगी होती, माहेरी आलेली. मी माझं नाव सांगितलं.

"तुमी व्हय त्या म्याडम? आबा तुमच्याकडं आल्ते की पालमला."

"कधी?"

"श्रावणात. कालेजात गेले व्हते, कायतरी पेन्शनीचा कागुद द्यायला. तिथं भितीवर त्येंचं नाव लिवलेलं दिसलं. इचारलं कुणी लिवलं, तर म्हणले तुमी. तुमी न्हाईत म्हणल्यावर तसेच पालमच्या गाडीत बसले. घरी सांगितलं सुदिक न्हाई."

"पण ते आमच्याकडं आले नाहीत."

"घर कुठं सापडलं! त्या कागदावर तुमचं नाव व्हतं ना, ते घिऊन इचारत फिरले. स्टँडवर इचारलं, दुकानाइत इचारलं. कुणालाच म्हाईत न्हाई. दिस कलंपस्तर तिथंच बसले आन आले माघारी."

माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव आहे. पोस्टरवरही तेच. पालमला ते नाव कुणीच ऐकलेलं नाही. तिथं मी सासऱ्यांची सून.

मुलीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. "घरी आल्यावर लय हळहळले," ती म्हणाली. "म्हणले, येवढ्या शिकलेल्या म्याडम, आन पालमात त्येंला कुणी वळखतच न्हाई गं."

स्टँडपासून आमचं घर चालत पाच मिनिटांवर आहे. त्या दिवसांत मी कुठंही गेले नव्हते. दुपारी ओट्यावर बसून शेंगा फोडत असायचे.